कागदातले पूर्वज आणि हातातला मोबाईल

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीनं मला विषय दिला तो असा : आपलं घराणं शोधायचं तर आताच्या नव्या साधनांचा उपयोग कसा करावा. मी शाळेतला माणूस. नोकरीतली बरीच वर्षं दाखल-खारीज रजिस्टरांच्या सोबतीनं गेली. त्यामुळे निवृत्तीनंतरही लोक घरी येतात आणि म्हणतात, "सर, आमच्या बुढ्याचं नाव कुठं सापडते का, पाहा न जरा." आज जे सांगणार आहे ते ह्या शोधाशोधीतून शिकलेलं आहे.

आपल्या सोसायटीत कोणालाही विचारा, तुमचे मूळचे लोक कुठले? उत्तर ठरलेलं. "आमचे बुढे मुलताईकडून आले म्हनतात." कोणी पांढुर्ण्याकडचे, कोणी आष्टी-कारंज्याकडचे, कोणी पिढ्यान् पिढ्या इथलेच. पण प्रत्येक उत्तराच्या शेवटी "म्हनतात" हा शब्द येतोच. आजोबांचं नाव सर्वांना माहीत असतं, पणजोबांचं निम्म्यांना, आणि त्यामागं अंधार. आपल्या शेंदूरजनाघाटची संत्र्याची कलमं कुठकुठच्या गावी जाऊन लागली हे आपण सांगू शकतो, पण आपलं स्वतःचं खोड कुठलं ते सांगता येत नाही.

हा नुसता हौसेचा प्रश्न असता तर मी तुमचा इतका वेळ घेतला नसता. जातवैधतेचं काम ज्या घरात निघालं त्या घराला विचारा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ह्या तारखा ज्यांनी फाईल केली त्यांना पाठ असतात. त्या तारखेच्या आधी तुमचं कुटुंब कुठं राहत होतं आणि त्याची नोंद काय होती, हे दाखवावं लागतं. म्हणजे आज १८ वर्षांच्या मुलीचा प्रवेश तिच्या पणजोबांच्या एका ओळीवर अडून राहतो.

आपल्याच सोसायटीतल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो, नाव घेत नाही. तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, पण वैधतेच्या फाईलमध्ये अडचण निघाली. आजोबांचं नाव शाळेत एका तऱ्हेनं आणि शेतीच्या कागदात दुसऱ्या तऱ्हेनं. समजा, शाळेत 'किसन' आणि सातबाऱ्यावर 'कृष्णराव', तसाच प्रकार. आडनाव तर शाळेच्या नोंदीत नव्हतंच. एका कार्यालयात वडील तीन वेळा गेले, तिन्ही वेळा "रेकॉर्ड जीर्ण आहे" एवढंच ऐकून परत आले. मग त्या मुलीनं घरी बसून मोबाईलवर शोध सुरू केला. ती कुठं पोचली ते पुढं सांगतो, कारण ती ज्या वाटेनं गेली तीच वाट तुम्हाला दाखवायची आहे.

पहिली पायरी कागदाची नाही, माणसाची आहे. घरात ८०-८५ वर्षांची आजी असेल तर तिच्याजवळ बसा आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा. तारखा विचारू नका, तिला तारखा आठवणार नाहीत. तिला घटना आठवतात. "बेनोड्याचं, आष्टीचं आंदोलन झालं तवा मी पायन्यात होती," असं ती म्हणाली की १९४२ साल मिळालं. "माझ्या सासऱ्याचे दोन भाऊ मानमोडीत गेले," म्हणाली की १९१८ मिळालं. त्या वर्षीच्या तापाच्या साथीनं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात घरंच्या घरं ओस पडली होती. आता मोबाईल मराठी बोलणं ऐकून आपोआप टाईप करतो. आपली वऱ्हाडी त्याला अजून नीट उमजत नाही, 'ळ'चा 'य' झाला की गोंधळतो. म्हणून मजकूर तपासावा लागतो आणि मूळ आवाज जपून ठेवावा लागतो. तो आवाज पुन्हा मिळणार नाही. कागद शंभर वर्षं गाठोड्यात थांबू शकतो, आजी थांबू शकत नाही.

दुसरी पायरी म्हणजे आपला कागद कुठं असू शकतो हे ठरवणं. इथं थोडा इतिहास लागतो. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि पुढं कारभार नागपुरातून चालू लागला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. ह्याचा अर्थ असा की ज्या काळात आपले बुढे मुलताईकडून इकडं आले त्या काळात मुलताई आणि वरूड एकाच प्रांतात होते. मध्ये राज्याची सीमा नव्हती. आज आहे. म्हणून अर्धे कागद मध्यप्रदेशच्या बैतुल जिल्ह्यात आणि अर्धे आपल्या अमरावतीत अशी वाटणी होऊन बसली आहे. प्रांताच्या पातळीवरचे जुने दप्तर पाहायचे तर नागपूरचं विदर्भ अभिलेखागार आहे.

आणखी एक बारकावा. आपलं गाव आज वरूड तालुक्यात आहे, पण जुन्या काळी ते मोर्शी तालुक्यात धरलं जाई. जुन्या नोंदीत 'तालुका वरूड' शोधत बसलात तर हाती काही लागत नाही, 'तालुका मोर्शी' पाहिलं की पान उघडतं. आणि शेंदुरजना एकच नाही. तिवसा तालुक्यात शेंदुरजना बाजार आहे, धामणगाव रेल्वेकडं शेंदुरजना खुर्द आहे, वाशीम जिल्ह्यात शेंदुरजना आढाव आहे. संगणकाला हा फरक कळत नाही. नुसतं 'शेंदुरजना' टाकलं तर तो चारही गावांची माणसं तुमच्या घरात आणून बसवेल. गाव, तालुका आणि जिल्हा तिन्ही जुळले तरच पुढं जा.

आता कागद कोणते? जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. गावच्या कोतवालानं दिलेल्या खबरीवरून ते भरलं जाई, म्हणून आपल्याकडं हे नाव पडलं. शाळेचं दाखल-खारीज. शेतीचा अधिकार अभिलेख, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, फेरफार. १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. ज्यांच्या घरी शेती नव्हती त्यांनीही निराश होऊ नये, कारण जन्ममृत्यूची आणि शाळेची नोंद शेतीवर अवलंबून नसते.

ह्या कागदांची भाषाही ओळखीची करून घ्यावी लागते. 'किसन वल्द महादू' म्हणजे महादूचा मुलगा किसन. 'जौजे' म्हणजे बायको, 'बेवा' म्हणजे विधवा, 'साकीन' म्हणजे राहणार. सातबाऱ्यावरचं 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. शके असेल तर ७८ मिळवायचे की इसवी सन येतो, दक्षिणेकडचा फसली असेल तर ५९०. एवढी पुंजी असली की निम्मं काम होतं.

आता नव्या साधनांकडं येतो. महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्यानं जुने अभिलेख स्कॅन करून 'आपले अभिलेख' ह्या संकेतस्थळावर ठेवायला घेतले, तेव्हा सुरुवातीच्या सात जिल्ह्यांमध्ये आपला अमरावती आणि शेजारचा अकोला हे दोन्ही होते. ही आपल्या भागाची मोठी सोय आहे. नाव नोंदवायचं, कार्यालय, तालुका, गाव, कागदाचा प्रकार निवडायचा आणि सर्व्हे किंवा गट नंबर टाकायचा. पान सापडलं तर ठरलेलं शुल्क भरून डिजिटल सहीची प्रत मिळते.

आपल्या त्या मुलीनं हेच केलं. तिला नाव नक्की माहीत नव्हतं, पण शेताचा नंबर माहीत होता. नाव बदलतं, जमीन जागची हलत नाही. त्या नंबरावरून ती १९५४ च्या सुमाराच्या अधिकार अभिलेखापर्यंत गेली. तिथं पणजोबांचं नाव होतं आणि पुढच्या फेरफारात वारस म्हणून दोन्ही मुलांची नावं होती. शाळेतलं बापाचं नाव, गाव आणि शेताचा नंबर अशा तीन गोष्टी एकमेकींना जुळल्या, तेव्हा 'हा तोच माणूस' असं म्हणता आलं. फाईल पूर्ण झाली. पोरीचं वर्ष वाचलं.

पण स्कॅन झालेला कागद म्हणजे संगणकाच्या दृष्टीनं नुसता फोटो आहे. त्यात काय लिहिलं आहे ते त्याला ठाऊक नसतं. म्हणूनच नंबर माहीत असला तर पान मिळतं, नुसत्या नावावरून मिळत नाही. जगभर आता जे काम चाललं आहे ते हेच, की यंत्राला हस्ताक्षर वाचायला शिकवायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं १ एप्रिल २०२२ ला १९५० च्या जनगणनेचे तक्ते खुले केले, तेव्हा त्यांतली हातानं लिहिलेली नावं आधी यंत्राकडून वाचून घेतली होती आणि लोकांना सांगितलं होतं की चुकलं असेल तिथं दुरुस्ती सुचवा. २०२४ मध्ये फॅमिलीसर्च ह्या संस्थेनं जुने हस्तलिखित दस्तऐवज शब्दानुसार शोधायची सोय सुरू केली. सुरुवात अमेरिकेतल्या जमिनीच्या व वारसाच्या कागदांपासून आणि मेक्सिकोतल्या नोटरीच्या कागदांपासून झाली. ह्याच संस्थेनं पूर्वी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही फोटो घेतलेले आहेत. ज्यांच्या घरचं कोणी तिकडं अस्थी घेऊन गेलं असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपली खरी अडचण मोडीची आहे. जुनी कोतवाल बुकं, शाळांची जुनी रजिस्टरं, घरातली खरेदीखतं ह्यांत मोडीची पानं निघतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. ५० लाखांहून जास्त नोंदी सापडल्याचं सरकारनं सांगितलं, आणि त्या वेळी तहसील कचेऱ्यांना मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. त्या विषयावरची मतमतांतरं बाजूला ठेवू. मला त्यातून एवढंच दिसलं, की आपल्याच बापजाद्यांनी लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही.

मोडी यंत्रालाही जड जाते. आधी आडवी रेघ ओढून खाली अक्षरं लिहिलेली, हात न उचलता लिहिल्यामुळे अक्षरात अक्षर मिसळलेलं, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नाही. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे ती संगणकावर टाईप करण्याची सोय झाली. २०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी शिवकालीन, पेशवेकालीन आणि इंग्रजकालीन अशा दोन हजारांहून जास्त मोडी प्रतिमा त्यांच्या देवनागरी रूपासह एकत्र केल्या आणि मोडीचं देवनागरीत रूपांतर करणारी पद्धत मांडली. यंत्र शिकतं ते असंच. एका बाजूला पान आणि दुसऱ्या बाजूला जाणत्या माणसानं केलेलं वाचन, अशा जोड्या त्याला दाखवाव्या लागतात. पहिलीच्या पोराला आपण जसं 'ग' दाखवून 'गणपती' म्हणून घेतो तसंच. पण इथं गुरुजी मोडी जाणणारा हवा. म्हणून सोसायटीतल्या दोन-तीन पोरांनी तरी मोडी शिकावी असं मी म्हणतो. यंत्र आलं म्हणून वाचणारा माणूस नको असं होत नाही. यंत्रानं चूक वाचलं हे कळायला तरी तो हवाच.

चुकीची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. आपल्यातल्या एका पोरानं मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं, आमच्या आडनावाचा इतिहास लिही. दोन मिनिटांत पाच पानं आली. त्यात पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत सरदार होते, त्यांना जहागीर होती, असं सगळं झकास होतं. घरात सगळे खूश. मी विचारलं, "बाबू, हे कोणत्या कागदात हाय?" त्यानं पुन्हा मोबाईललाच विचारलं. त्यानं एका ग्रंथाचं नाव दिलं. तो ग्रंथ शोधला तर त्या नावाचा ग्रंथच कुठं सापडेना. भाट यायचे तेव्हाही असंच होतं. दक्षिणा चांगली मिळाली की वंशावळ थेट सूर्यापर्यंत जायची. पण भाटाजवळ निदान एक वही होती. तेव्हा नियम एकच ठेवा : ज्या गोष्टीमागं पान, वर्ष आणि कचेरी सांगता येत नाही ती वंशावळीत शाईनं लिहू नका, पेन्सिलीनं लिहा. यंत्राकडून पुसट अक्षर वाचून घ्या, लांब फेरफाराचा सारांश करून घ्या, नावाचे वेगवेगळे स्पेलिंग काढून घ्या. ह्या कामात ते चांगलं आहे. साक्षीदार म्हणून मात्र त्याला उभं करू नका. वैधता समितीपुढं कागद लागतो.

दुसरी सावधगिरी डीएनए तपासणीची. परदेशातली मुलं लाळेची नळी पाठवून आपलं मूळ काढतात आणि इथल्या काका-मामांनाही आग्रह करतात. २३अँडमी ह्या मोठ्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, रक्त बदलता येत नाही, आणि तुमच्या लाळेत तुमच्या भावाबहिणींचीही माहिती असते. शिवाय तिकडचा निकाल 'दक्षिण आशिया' असं ढोबळ काहीतरी सांगतो. मुलताई की पांढुर्णा, हे त्यातून निघत नाही. ते कोतवाल बुकातूनच निघेल. तसंच वंशावळ व्हॉट्सॲपवर टाकताना जिवंत माणसांच्या जन्मतारखा, आधार नंबर, सातबाऱ्याचे फोटो टाकू नका. गेलेल्यांची माहिती वाटा, असलेल्यांची जपा.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर उभा राहिलो ती सांगतो. आमच्या घरी वंशावळीचा एक जुना कागद आहे. वरून खाली नऊ पुरुषांची नावं. एकही बाई नाही. जणू हे नऊ जण एकमेकांच्या खांद्यावर बसूनच जन्माला आले. माझ्या आजोबांच्या आईचं नाव घरात कोणालाही माहीत नव्हतं. सगळे 'बुढी' म्हणत, आणि बुढीला नाव असतं हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

ते नाव मला जमिनीच्या कागदात मिळालं. पणजोबा गेले तेव्हा मुलं लहान होती. म्हणून फेरफारात मुलांची नावं आणि पुढं पालनकर्ती आई म्हणून तिचं नाव 'बेवा' ह्या शब्दासह लिहिलं गेलं. सरस्वती. पंचवीस-तीस वर्षं ती त्या घरात राबली, तोपर्यंत मला तरी कुठल्या कागदात ती सापडली नाही. नवरा मेला तेव्हा तिचं नाव लिहायची गरज पडली. पुढं मुलं सज्ञान झाली आणि पुढच्याच फेरफारात ते नाव कमी झालं. त्या दोन फेरफारांच्या मधल्या काळात तिनं शेती राखली, कर्ज फेडलं, आजोबांना शाळेत घातलं. ती नसती तर मी आज ह्या माईकसमोर नसतो.

आपण कलमा बांधणारे लोक. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. झाडाला नाव संत्र्याचं, पण जमिनीतून पाणी ओढतो तो खुंट. आपल्या वंशावळीत नाव फक्त डोळ्याचं लिहिलेलं आहे. हे आता बदलतं आहे. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावायचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला. पण मागच्या बायांची नावं आपल्यालाच शोधावी लागतील. कोतवाल बुकात 'जौजे' पाहा, फेरफारात 'बेवा' पाहा, माहेरच्या गावची शाळा पाहा. आणि घरातल्या बायकांना विचारा. आजीच्या आजीचं माहेर कोणतं, हे पुरुषांना माहीत नसतं, त्यांना असतं.

शेवटचा मुद्दा आपल्या सोसायटीचा. आज आपण दुसऱ्यांचे कागद शोधतो आहोत. पन्नास वर्षांनी आपली नातवंडं आपले कागद शोधतील. २५ वर्षांपूर्वीचं पहिल्या सभेचं कार्यवृत्त, पहिली सभासद नोंदवही, शेअर सर्टिफिकेटांची स्थळप्रत, पहिला नकाशा, हे सगळं एका लोखंडी कपाटात आहे आणि खालच्या दोन वह्यांना वाळवी लागायला सुरुवात झाली आहे, हे सचिवांनी मला दाखवलं. पहिल्या नोंदवहीतल्या सभासदांपैकी काही जण आज हयात नाहीत. त्यांची सही मात्र तिथं आहे. पुष्कळ घरांत बापाच्या हातची तेवढीच एक सही उरली असेल.

म्हणून माझी विनंती अशी. त्या वह्या आधी स्कॅन करून घ्या. चांगल्या मोबाईलनं, दिवसाच्या उजेडात, पान सपाट ठेवून. एक प्रत सोसायटीच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या कोणा सभासदाकडं. फाईलला नाव देताना वही, पान आणि वर्ष लिहा, नाहीतर डिजिटल गाठोडंही जुन्या गाठोड्यासारखंच होतं. मूळ वही मात्र स्कॅन झाली म्हणून रद्दीत देऊ नका. आणि प्रत्येक घरानं एक पान लिहावं. कुठून आलो, कशासाठी आलो, घरात कोण कोण होतं, बायांची नावं माहेरच्या गावासह. सोसायटीनं ती सगळी पानं एकत्र बांधावी.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता मी सोसायटीच्या सभागृहात बसणार आहे. ज्यांच्या घरी जुना कागद असेल त्यांनी तो घेऊन यावं. फाटका असला तरी चालेल, मोडीतला असला तरी चालेल. पोरांनी मोबाईल आणावे, आणि जमलं तर आजीला हाताला धरून आणावं. कागद वाचायला आपण शिकू, ती काय सांगते ते ऐकून घेऊ.

 सोसायटीला पुढच्या २५ वर्षांसाठी शुभेच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.